फोमचे डार्ट उडवणारा हवेचा ब्लास्टर घरी कसा बनवायचा

होळीची पिचकारी चालवली असेल, तर या यंत्राचे अर्धे तत्त्व तुम्हाला आधीच माहीत आहे. नळीत दट्ट्या, दट्ट्याला गच्च बसणारी कड आणि पुढे बारीक तोंड. पाण्याऐवजी हवा आणि हाताऐवजी स्प्रिंग आली, की झाला ब्लास्टर. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरात, जगदलपूरच्या गोंचा उत्सवात बांबूच्या ‘तुपकी’तून पेंग नावाची फळे उडवतात. तिथेही हेच घडते: दांड्याने मागचे फळ रेटले, की मधली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ फट्ट करून सुटते.

नवखी माणसे पहिल्याच दिवशी जाड, कडक स्प्रिंग शोधायला निघतात. ताकद कमी पडली, की आणखी जाड स्प्रिंग, मग तुटलेला खटका, मग फुटलेली चकती. डार्ट लांब जात नाही तेव्हा बहुतेक वेळा हवा कुठून तरी निसटत असते. म्हणून या लेखात स्प्रिंग शेवटी बसवायची आहे. आधी हवा कोंडायची.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हवा साठवायची नाही

पीव्हीसी पाइपची टाकी करून, सायकलच्या पंपाने हवा भरून, व्हॉल्व्ह उघडून डार्ट उडवणारी यंत्रे इंटरनेटवर दिसतात. ती करू नका. पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पाण्याचा पाइप तडकला तर चिरकांडी उडते आणि विषय संपतो. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी ताकद साठवते. पाइप फुटला, की ती सगळी ताकद प्लॅस्टिकच्या धारदार तुकड्यांत उतरते. उन्हात पडून ठिसूळ झालेला किंवा एकदा आपटलेला पाइप तर बाहेरून धडधाकट दिसूनही फुटतो.

इथे दिलेल्या रचनेत दाब क्षणभरच तयार होतो. स्प्रिंगचा जोर सुमारे ३ किलो आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ९.६ चौ. सेंमी, म्हणजे दर चौ. सेंमीला ०.३ किलो. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या दहापट दाब असतो.

१. सामान गोळा करा

पाइप आणि जोडणी:

- सव्वा इंची पांढरा यूपीव्हीसी पाइप, शेड्यूल ४० (हा पाइपच्या भिंतीच्या जाडीचा प्रकार): २५ सेंमी
- अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप: ३५ सेंमी (ही डार्टची नळी)
- अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप, शेड्यूल ४०: ५ सेंमी (नळी अडकवायला)
- सव्वा इंची ते अर्धा इंची रिड्यूसर (जाड पाइपला बारीक पाइप जोडणारा तुकडा): १

दट्ट्या आणि खटका:

- नायलॉनचा भरीव रॉड, १२ मि.मी. जाड: २८ सेंमी
- १२ मि.मी. मरीन प्लाय: तळहाताएवढा तुकडा
- पंपाचा चामडी कप वॉशर, ३५ मि.मी.च्या आसपासचा
- एम ६ बोल्ट, ४० मि.मी. लांब: १, आणि त्याचा मोठा वॉशर
- एम १२ चे वॉशर: २
- ॲल्युमिनियमची पट्टी, ३ मि.मी. जाड, २० मि.मी. रुंद: ७ सेंमी
- दाबाची स्प्रिंग (मापे सहाव्या पायरीत)
- जुन्या हवाई चपलेचा आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा
- टेफ्लॉन टेप, इन्शुलेशन टेप, अर्धा इंची स्क्रू १२ ते १५

हत्यारे: हॅक्सॉ, ड्रिल, ३८ मि.मी.चा होल सॉ, चपटी आणि चौकोनी कानस, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, वाइस. डार्टसाठी हॉट ग्लू गन. व्हर्नियर असेल तर उत्तम. आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, बाजूने बंद असलेला पारदर्शक गॉगल. तो प्रत्येक खेळणाऱ्याला एक हवा.

सगळे सामान कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. अडते ते फक्त स्प्रिंग आणि नायलॉन रॉडपाशी. त्यासाठी पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट अशा ठिकाणी एक चक्कर टाका. अख्खा पाइप विकत घेऊ नका. जिथे बांधकाम चालू आहे तिथल्या प्लंबरकडे हात-दीड हाताचे तुकडे ढिगाने पडलेले असतात.

२. दुकानात पाइप घेताना होणारी फसगत

दुकानदार फसवत नाही, मापेच फसवतात. शेतीचा करडा पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासावर विकला जातो. ३२ एमएम मागितला तर बाहेरून ३२ मि.मी.चाच मिळतो. पांढरा प्लंबिंगचा पाइप मात्र इंचाच्या नावावर चालतो आणि ते नाव कोणत्याच व्यासाशी नीट जुळत नाही. सव्वा इंची पाइपवर ‘३२ एमएम’ छापलेले असले तरी तो बाहेरून ४२.२ मि.मी. भरतो, आतून सुमारे ३५. करडा ३२ आणि पांढरा ३२ एकमेकांच्या फिटिंगमध्ये कधीच बसत नाहीत. तेव्हा नावावर जाऊ नका. रिड्यूसर आणि पाइप काउंटरवरच एकमेकांत घालून बघा.

दुसरी फसगत सीपीव्हीसीची. अर्धा इंची सीपीव्हीसी दोन जाडीत येतो, एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५. बाहेरून दोन्ही १५.९ मि.मी.च. आतून मात्र एसडीआर ११ साधारण १२.४ मि.मी. असतो आणि १३.५ त्याहून मोकळा, १३ च्या आसपास. बाजारातला फोम डार्ट १२.७ ते १३ मि.मी. जाड असतो. म्हणजे ११ मध्ये तो हलकासा दाबून बसतो आणि १३.५ मध्ये बऱ्याचदा सैल पडतो. खिशात दोन डार्ट घेऊनच दुकानात जा. डार्ट नळीत घाला आणि नळी उभी धरा. आपोआप घसरून खाली पडला तर नळी मोकळी आहे. तोंडाने जोरात फुंकूनही हलला नाही तर फार घट्ट. फुंकरीने सर्रकन निघाला, की ती नळी घ्या.

३. कापाकापी

पाइप काटकोनात कापला गेला नाही तर पुढे सगळेच तिरके जाते. वर्तमानपत्राची सरळ कडेची पट्टी पाइपभोवती दोन वेढे गुंडाळा. पट्टीची कड स्वतःवर तंतोतंत आली, की तीच काटकोनाची रेघ. पेन्सिलने आखा, वाइसमध्ये पाइप कापडात धरा आणि एका जागी आरपार न कापता फिरवत फिरवत कापा. कडेवरची कुसळे ४०० च्या पेपरने आतूनबाहेरून साफ करा. आतली कुसळे राहिली तर चामड्याची कड पहिल्याच फटक्यात चिरते.

सव्वा इंची पाइप २५ सेंमी. अर्धा इंची सीपीव्हीसी ३५ सेंमी. नळी जाणूनबुजून लांब ठेवली आहे, नेमकी लांबी शेवटी ठरते.

आता सव्वा इंची पाइपच्या पुढच्या तोंडापासून १९.५ सेंमीवर, चार बाजूंना १० मि.मी.ची चार भोके पाडा. ही हवा आत यायची वाट. दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा त्याच्या मागे पोकळी तयार होते. तिथे हवा वेळेत पोचली नाही तर ती पोकळी दट्ट्याला मागे ओढते आणि स्प्रिंगचा जोर फुकट जातो. बारीक एकच भोक पाडून भागत नाही. इतक्या कमी वेळात त्यातून पुरेशी हवा येतच नाही.

प्लायच्या तीन चकत्या लागतात. ३८ मि.मी.च्या होल सॉमधून पडणारी चकती दातांची जाडी वजा जाऊन ३४ ते ३४.५ मि.मी. येते आणि ३५ च्या पाइपात ती जवळपास चपखल बसते. दोन चकत्या मागच्या टोकाला लागतील, त्यांचे मधले भोक १२.५ मि.मी.पर्यंत वाढवा. तिसरी दट्ट्याची, तिचे मधले भोक बोल्टपुरतेच ठेवा. ही तिसरी पाइपात अडखळता कामा नये. तिची कड १२० च्या पेपरने घासा, पाइप उभा धरल्यावर ती आपल्या वजनाने खाली सरकली पाहिजे.

४. दट्ट्या आणि त्याची कड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कड कशाची करायची याला दोन पर्याय आहेत, रबरी ओ-रिंग आणि चामडी कप वॉशर. परदेशी आराखड्यांत ओ-रिंग दिसते. तिच्यासाठी चकतीला लेथवर अचूक खाच पाडावी लागते आणि मिलिमीटरचा पाव भाग जरी इकडेतिकडे झाला तरी ती गळते किंवा घट्ट अडकते. नवख्याने चामडी कप वॉशरच घ्यावा. सायकलच्या उभ्या पंपात असतो तोच, वाटीसारखा. हवेचा दाब वाढला, की वाटीची कड आपणहून पसरून पाइपला चिकटते. दट्ट्या मागे ओढताना तीच कड आत मिटते आणि मागची हवा पुढे जाऊ देते. ओ-रिंग दोन्ही दिशांना अडवते, त्यामुळे डार्ट भरलेला असताना दट्ट्या मागे ओढला, की डार्टही आत खेचला जातो. चामड्यात ती कटकट नाही.

वॉशर रात्रभर एरंडेलात भिजवून ठेवा. सकाळी तो मऊ, जड आणि गडद झालेला असेल. फडक्याने पुसून पाइपात घालून पाहा. थोडा मोठा असला तर चालतो, धारदार ब्लेडने कड गोल फिरवत कापा. लहान असला तर चालत नाही, दुसरा आणा.

रॉडच्या एका टोकाला, बरोबर मध्यावर, ५ मि.मी.चे ३० मि.मी. खोल भोक पाडा आणि त्यात एम ६ चे आटे पाडा. टॅप नसेल तर बोल्टच हळूहळू फिरवत आत घाला, नायलॉनमध्ये तो आपले आटे आपण पाडतो. भोक तिरके गेले तर दट्ट्या तिरका चालेल, म्हणून रॉड वाइसमध्ये उभा धरून पाडा.

जोडणीचा क्रम, पुढून मागे: बोल्टचे डोके, मोठा वॉशर, चामड्याची वाटी, प्लायची चकती, एम १२ वॉशर, रॉड. वाटीचे उघडे तोंड पुढे, म्हणजे डार्टकडे. उलटी बसवली तर दाब येताच कड मिटते आणि सगळी हवा मागे पळते. बाहेरून काहीही चुकलेले दिसत नाही आणि माणूस दिवसभर स्प्रिंगला दोष देत बसतो. एम १२ चा वॉशर रॉडवर मोकळा बसतो. स्प्रिंग थेट प्लायमध्ये रुतू नये म्हणून तो हवा.

बोल्ट आवळताना चामडे चेपून फुगेल इतके आवळू नका. वाटी हाताने फिरवल्यावर फिरता कामा नये, एवढेच.

५. पुढचे तोंड आणि गळतीची चाचणी

हवाई चपलेच्या रबराची ५ मि.मी. जाड, ३४ मि.मी.ची चकती कापा, मध्ये १४ मि.मी.चे भोक. ही रिड्यूसरच्या आतल्या खांद्यावर बसते आणि दट्ट्याचा धक्का खाते. बोल्टचे डोके मधल्या भोकात शिरते.

पाइपच्या पुढच्या टोकावर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे घेऊन रिड्यूसर दाबून बसवा आणि बाहेरून तीन छोटे स्क्रू मारा. स्क्रूची टोके पाइपच्या आत डोकावू देऊ नका, अर्धा इंची स्क्रू लांब पडत असेल तर टोक आधी कापून घ्या. सॉल्व्हंट सिमेंट लावू नका. ते लावले, की जोड कायमचा, आणि वॉशर बदलायला यंत्र उघडावे तर लागणारच.

रिड्यूसरच्या अर्धा इंची तोंडात ५ सेंमीचा यूपीव्हीसी तुकडा बसवा. शेड्यूल ४० असेल तर त्याचा आतला व्यास १५.८ मि.मी. भरतो आणि सीपीव्हीसी नळी बाहेरून १५.९. नळीचे टोक पॉलिश पेपरने जरा घासले, की ती यात हाताने दाबून बसते आणि पिळून काढताही येते. दुकानदाराने शेड्यूल ८० दिला असेल तर नळी शिरणारच नाही. तो परत करा, ड्रिलने मोठा करत बसू नका.

नळीचे मागचे टोक जितके दट्ट्याच्या थांब्याजवळ जाईल तितके चांगले. रिड्यूसरच्या आतल्या पोकळीत अडकणारी हवा डार्टला ढकलत नाही, फुकट दाबली जाते. पोकळी मोठी दिसली तर चपलेच्या रबराच्या कड्या घालून भरा. एकच रिड्यूसर न मिळाल्याने दोन जोडून केले असतील तर हे करावेच लागेल.

आता चाचणी. स्प्रिंग नाही, खटका नाही. दट्ट्या पाइपात घाला, मागे ओढा, नळीच्या तोंडावर अंगठा गच्च दाबा आणि रॉड पुढे रेटा. हाताला गादीसारखा प्रतिकार लागला पाहिजे. रॉड सोडला, की तो मागे उसळला पाहिजे. रेटून धरून पाच आकडे मोजा. तेवढ्यात दट्ट्या हळूहळू पुढे सरकत गेला तर गळती आहे. साबणाचा फेस आधी रिड्यूसरच्या जोडावर आणि मग नळीच्या जोडावर लावा. बुडबुडे आले तिथे टेप वाढवा. कुठेच बुडबुडे नाहीत आणि तरी दट्ट्या सरकतो, तर दोष चामड्यात आहे.

ही चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत पुढच्या पायरीला हात लावू नका.

६. स्प्रिंग

स्प्रिंगवाल्याला ही मापे सांगा: तार १.४ मि.मी., बाहेरचा व्यास २१ ते २२ मि.मी., मोकळी लांबी २२ सेंमी, वेढे २५, दोन्ही टोके सपाट घासलेली. तयार मिळाली नाही तर तो वळून देतो. ‘दाबायची स्प्रिंग’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर ओढायची हातात पडते.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या ५ किलोच्या डिजिटल काट्यावर ती उभी ठेवा, आत रॉड घाला म्हणजे वाकणार नाही, आणि १५ सेंमी दाबा. काटा ३ किलोच्या जवळपास दाखवेल. ४ किलोच्या वर गेला तर तार जाड आहे. खटक्याची पट्टी आणि प्लाय ते फार दिवस सोसणार नाहीत, शिवाय १२ वर्षांच्या मुलाला ती ओढवणारही नाही.

७. खटका

रॉडच्या मानेवर एक खाच, आणि त्या खाचेत अडकणारी किल्लीच्या भोकासारखी पट्टी. एवढाच खटका.

पट्टीत १३ मि.मी.चे भोक पाडा, मध्यापासून जरा वर. त्याच्या खालच्या बाजूला ८.५ मि.मी. रुंद खाच कापा, अशी, की भोकाच्या मध्यापासून खाचेच्या गोल टोकाचा मध्य ९ मि.मी.वर येईल. रॉड मोठ्या भोकातून मोकळा जातो. पट्टी वर ओढली गेली, की रॉडची बारीक केलेली मान खालच्या खाचेत अडकते. पट्टी अंगठ्याने खाली दाबली, की रॉड पुन्हा मोठ्या भोकात येतो आणि सुटतो.

पट्टी पाइपातून आरपार उभी सरकते. त्यासाठी पाइपच्या पुढच्या तोंडापासून २२.७ सेंमीवर, वर आणि खाली, ३.५ मि.मी. रुंद आणि २१ मि.मी. लांब चिरा कापा. चिरेच्या पुढे एक प्लायची चकती, मागे दुसरी. प्रत्येक चकतीला बाहेरून चार स्क्रू. प्लायच्या कडेला आधी २ मि.मी.चे भोक पाडूनच स्क्रू घाला, नाहीतर थर उकलतात.

खाचेची जागा कागदावरच्या मापाने ठरवू नका. चकत्या बसवून, स्प्रिंग न घालता, दट्ट्या पूर्ण पुढे टेकवा आणि चिरेतून पेन्सिल घालून रॉडवर खूण करा. रॉड काढा. त्या खुणेपासून दट्ट्याच्या दिशेने १२ सेंमी मोजा. खाच तिथे.

लेथ नसला तरी खाच गोल पाडता येते. १२ मि.मी.चा रॉड १३ मि.मी.च्या ड्रिल चकमध्ये बसतो. दट्ट्या काढून ते टोक चकमध्ये धरा, दुसरे टोक लाकडातल्या भोकात टेकवा, ड्रिल हळू फिरवा आणि चौकोनी कानस टेकवून धरा. नायलॉनचे पांढरे केस निघत राहतील. कानस चिकटायला लागली तर थांबा, नायलॉन तापले आहे. १२ ची जाडी ८ पर्यंत आणा, खाचेची रुंदी ४ मि.मी. खाच एकाच बाजूला कापली तर रॉड फिरला, की खटका लागत नाही. म्हणून सगळीकडून गोल.

खाचेची मागची भिंत, म्हणजे मुठीकडची, अगदी काटकोनात हवी. स्प्रिंगचा सगळा भार तीच पट्टीवर टेकवते. ती किंचित जरी उतरती झाली तर रॉड आपोआप निसटेल, आणि कधी निसटेल ते सांगता येणार नाही. पुढची भिंत उतरती असली तर बिघडत नाही.

सायकलच्या ट्यूबची एक सेंमी रुंद चकती कापून तिचा वेढा पाइपवरून घ्या आणि पट्टीच्या खालच्या टोकाखालून अडकवा. ती पट्टीला कायम वर ओढून धरते. त्या टोकाला कानशीने छोटी खाच केली, की रबर घसरत नाही.

आणखी एक भोक, आणि ते टाळू नका. खटका लागलेल्या स्थितीत पट्टी पाइपच्या वर जिथे बाहेर येते, तिथे पाइपला लागून पट्टीत ३ मि.मी.चे भोक पाडा. त्यात खिळा किंवा कॉटर पिन घातली, की पट्टी खाली दाबताच येत नाही. हे कुलूप. पिनला लाल दोरी बांधा म्हणजे ती काढली की घातली, हे दुरूनही दिसते.

आता दट्ट्या, त्यामागे स्प्रिंग, दुसरा एम १२ वॉशर, चकती, पट्टी, चकती या क्रमाने सगळे बसवा. रॉडच्या मागच्या टोकाला ओढायला लाकडी गोळा किंवा कपाटाचे नॉब लावा. पकडायला मूठ हवी असेल तर पाइप क्लॅम्पवर लाकडाचा तुकडा पुरतो.

८. डार्ट

तयार डार्ट आणले तर ही पायरी सोडा. घरी करायचे असतील तर बांधकामाच्या सांध्यांत भरतात तो १३ मि.मी.च्या आसपासचा, नळीत हलकासा दाबून बसणारा फोमचा बॅकर रॉड घ्या. या छंदातले लोक घरगुती डार्टला ‘स्टेफान’ म्हणतात.

बॅकर रॉड गुंडाळीत येतो, त्यामुळे वाकडा असतो. अर्ध्या मीटरचे तुकडे करून एका टोकाला पान्हा बांधा आणि हेअर ड्रायरने वरून खाली कोमट हवा मारा. सरळ झाला, की तसाच टांगून थंड होऊ द्या. मग ६ सेंमीचे तुकडे करा. एका टोकाला हॉट ग्लूचा थेंब, त्यावर खुर्चीच्या पायाला लावतात त्या फेल्टची १२ मि.मी.ची टिकली.

डार्ट बोटावर तोलून पाहा. तोल पुढच्या एक तृतीयांशात पडला पाहिजे. मध्यावर पडत असेल तर तो दोन मीटरवर जाऊन कोलांट्या खातो. ग्लू वाढवा. वजनासाठी छर्रा, नट किंवा खिळ्याचे डोके घालायची कल्पना प्रत्येकाला सुचते, आणि ती इथेच सोडून द्या. फोम फाटला, की आतला धातू तसाच समोरच्याच्या डोळ्यावर जातो.

९. भरणे, ओढणे, सोडणे

नळीच्या मागच्या टोकाला १ मि.मी.ची समोरासमोर भोके पाडून एक टाचणी आडवी घाला, टोके कापा आणि सुपर ग्लूने बंद करा. डार्ट दट्ट्याकडे घसरू नये म्हणून ती आडकाठी.

क्रम असा. कुलपाची पिन हातात. नळी पिळून काढा. डार्ट पुढच्या तोंडातून, शेपटीकडून आत सारा आणि गुळगुळीत काठीने टाचणीला टेकेपर्यंत ढकला. नळी परत बसवा. तोंड जमिनीकडे करून दट्ट्या ओढा. खट्ट आवाज आला, की लगेच पिन घाला. नेम धरल्यावरच पिन काढायची. ओढलेल्या यंत्राच्या तोंडात काठी घालून डार्ट भरणे बंद, घाई असली तरीही.

डार्ट न भरता उडवू नका. डार्ट असतो तेव्हा पुढे कोंडलेली हवा दट्ट्याला शेवटी उशी देते. नळी रिकामी असली तर दट्ट्या सरळ रिड्यूसरवर आदळतो. असे दहा-वीस फटके झाले, की प्लायची चकती तडकते.

गॉगल सर्वांना, बघणाऱ्यांनाही. तोंडावर नेम नाही, पाच मीटरच्या आतून नेम नाही. फोमच आहे, काय होतंय, असे वाटते. २०१७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी खेळण्यातल्या फोम डार्टने डोळ्यात रक्तस्राव झालेले तीन रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. त्यांची खेळणी दुकानातली होती, घरी जोर वाढवून बनवलेली नव्हे.

पाइपला पिवळा, निळा, पोपटी असा भडक रंग द्या आणि नळीचे टोक केशरी. काळा रंग देऊन रस्त्यावर मिरवू नका. विमानात केबिन बॅगेत खेळण्यातली बंदूकही चालत नाही. आणि जत्रेत विकायचा विचार मनात आला, तर भारतात १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

१०. नळीची लांबी ठरवणे

दट्ट्या १२ सेंमी सरकला, की साधारण ११५ घन सेंमी हवा ढकलली जाते. १२.४ मि.मी.च्या नळीत दर सेंमीला १.२ घन सेंमी हवा मावते. स्प्रिंगच्या ब्लास्टरमध्ये दट्ट्याची हवा नळीच्या तीन ते चार पट असावी, असा ठोकताळा आहे. म्हणजे नळी २४ ते ३२ सेंमी. नळी फार लांब असली, की हवा आधी संपते आणि उरलेल्या नळीत डार्ट घासून मंदावतो. फार आखूड असली तर दाब पूर्ण कामी येण्याआधीच डार्ट बाहेर पडतो आणि फुस्स असा मोठा आवाज होतो.

३५ सेंमीची नळी लावा. यंत्र जमिनीपासून सव्वा मीटरवर, स्टुलावर आडवे टेकवा, वारा नसलेल्या जागी पाच डार्ट सोडा आणि ते जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकले ती अंतरे लिहा. घरंगळत गेलेले अंतर मोजायचे नाही. सरासरी काढा. नळी २ सेंमी कापा, पुन्हा पाच डार्ट. सरासरी वाढत जाईल, एका ठिकाणी थांबेल, मग उतरेल. उतरायला लागली, की कापणे बंद. नीट जमलेले यंत्र या पद्धतीने ८ ते १० मीटर देते.

११. बिघडले तर

अंतर अचानक निम्मे झाले: चामडे वाळले. दोन थेंब एरंडेल. कुलपावर मारायचा स्प्रे वापरू नका, तो आधी घाण धुऊन काढतो आणि मग चामडे आणखी कोरडे सोडतो.

खटका लागतच नाही: खाचेत नायलॉनचे केस अडकलेत, किंवा ट्यूबचे रबर ढिले पडले आहे. खटका आपोआप सुटतो: खाचेची मागची भिंत झिजून गोल झाली. ही दुरुस्ती पुढे ढकलू नका. कानशीने पुन्हा काटकोन करा, नाही जमले तर रॉड बदला.

डार्ट कधी डावीकडे, कधी उजवीकडे: नळीच्या तोंडाशी कुसळ आहे, किंवा फेल्टची टिकली तिरकी चिकटली आहे. एकच डार्ट नेहमी भरकटत असेल तर डार्ट फेकून द्या, यंत्राला हात लावू नका.

ठेवताना स्प्रिंग कधीही दाबलेली ठेवायची नाही. आठवडाभर दाबून राहिली, की ती बसते आणि पुन्हा पहिला जोर देत नाही. पावसाळ्यात चामड्याला बुरशी लागते, तेव्हा जूनच्या आधी दट्ट्या बाहेर काढून पुसा, एरंडेल चोळा आणि रिड्यूसर न लावता यंत्र उभे टांगून ठेवा.